गोरोबाकाकांच्या अंगणातील आई

चैत्र वद्य त्रयोदशी ही संत गोरोबाकाकांची पुण्यतिथी. तेरला समाधिमंदिरात उत्सव असतो. त्या सुमारास मुंबईच्या उपनगरांतही, घाटकोपर-भांडुप-मुलुंडपासून अंधेरी-बोरिवलीपर्यंत, गावाकडून आलेली वारकरी मंडळी जिथे सप्ताह बसवतात तिथे काकांचे चरित्र कानी पडतेच. हे चरित्र गेल्या काही वर्षांत अनेक कीर्तनकारांच्या तोंडून ऐकण्याचा योग आला. त्यात पाठांतराचे पक्के होते, गोड गळ्याचे होते आणि श्रोत्यांना रडवणारेही होते. त्या सर्वांविषयी आदर ठेवूनच एक तक्रार मांडायची आहे. ही कथा सांगताना आपण तिच्यातल्या आईला फार लवकर पाण्याला पाठवतो आणि फार उशिरा परत आणतो.

कथा सर्वांना ठाऊक आहे, तरी विचारासाठी पुन्हा समोर ठेवू. तेर हे आजच्या धाराशिव जिल्ह्यातले तेरणाकाठचे जुने गाव. परंपरेप्रमाणे काकांचा काळ 1267 ते 1317 असा धरतात. कुंभारकाम हा घरचा व्यवसाय. एके दिवशी काका अंगणात माती तुडवत होते. मडक्यांची माती नीट मळायची तर ती पायांनी तुडवावी लागते, आणि पाय एका लयीत पडू लागले की मुखात नाम आपोआप येते. बायको संती पाण्याला निघाली. घरात दुसरे कोणी नव्हते. रांगते बाळ तिने बापाच्या स्वाधीन केले, लक्ष ठेवा म्हणाली आणि घागर घेऊन गेली. बाळ रांगत बापाकडे आले. बापाचे डोळे मिटलेले, मुखात विठ्ठल. बाळ त्याच चिखलात गेले आणि पायाखाली तुडवले गेले.

पुढचेही आठवू. संती परत आली, लाल झालेला चिखल पाहून तिने हंबरडा फोडला आणि ज्याच्या नादात हे घडले त्या विठ्ठलाला दूषणे दिली. देवाची निंदा ऐकून काका तिच्यावर मारायला धावले. तिने त्यांना विठ्ठलाचीच शपथ घातली, मला शिवाल तर. काकांनी शपथ पाळली. पुढे वंशाच्या काळजीने संतीने आपली बहीण रामी हिच्याशी नवऱ्याचे लग्न लावले. सासऱ्याने सांगितले की दोघींना सारखेच वागवा, म्हणून ती शपथ दुसरीलाही लागू झाली. झोपेत हात दोघींना लागले तेव्हा शपथ मोडली म्हणून काकांनी आपले हात तोडले. मग देव विठू कुंभार होऊन रखुमाईसह त्या घरी राबायला आला. शेवटी पंढरपुरात नामदेवरायांच्या कीर्तनात काकांना हात फुटले आणि बाळ रांगत परत आले. सांगणाऱ्यागणिक तपशील थोडे बदलतात, पण महिपतीबुवा ताहराबादकरांनी 1762 साली पूर्ण केलेल्या 57 अध्यायांच्या ‘भक्तविजय’ ग्रंथामुळे कथेचा हा सांगाडा घरोघर पोहोचला.

आता ही कथा मांडवात कशी सांगितली जाते ते पाहू. समजा, चरित्राला तासभर मिळाला. त्यातला सर्वांत मोठा वाटा माती तुडवण्याच्या प्रसंगाला जातो. मृदंग द्रुत लयीत येतो, टाळकरी उभे राहतात, पावली धरली जाते आणि देहभान कसे हरपले याचे वर्णन रंगते. ते रंगावेच, तन्मयता हा आपल्या संप्रदायाचा प्राण आहे. त्यानंतर हात तोडण्याचा प्रसंग आणि हात फुटण्याचा चमत्कार यांचा वाटा. संतीने बाळ स्वाधीन केले हे वाक्य एका दमात उरकते. तिचा आक्रोश आला की काही ठिकाणी आवाज बारीक करून तिची नक्कल केली जाते. ती शपथ घालते तिथे तर बायकोच्या धाकातल्या नवऱ्यावर एखादा विनोद होतो आणि मांडव हसतो. जिचे मूल काही क्षणांपूर्वी गेले आहे तिच्या तोंडच्या शब्दांवर आपण हसतो आहोत, हे कोणाच्या ध्यानात येत नाही.

याच वेळी मांडवात आणखी एक गोष्ट चाललेली असते. बायकांच्या बाजूला कडेकडेने तान्ही मुले घेतलेल्या सुना बसलेल्या असतात. मृदंगाचा आवाज वाढला की त्यातले एखादे दचकून रडू लागते. आजूबाजूच्या माना वळतात आणि ती सून निमूट उठते. पदराखाली बाळ घेऊन ती मांडवाबाहेर, चपलांच्या ढिगापाशी किंवा सोसायटीच्या गेटाजवळ जाऊन उभी राहते, बाळाला थोपटते आणि कर्ण्यातून जेवढे येईल तेवढे ऐकते. तिचा नवरा आत असतो, कदाचित टाळकऱ्यांतच पुढच्या रांगेत. गोरोबाकाकांच्या बाळाची कथा चालू असताना आपले बाळ कोणाकडे आहे हे त्याने मागे वळून पाहिलेले नसते. कथेची व्याख्या करणारे हे दृश्य समोर असते, पण पाठ तिकडे असल्याने ते कोणाला दिसत नाही.

या कथेकडे पाहण्याच्या दोन रीती आपल्याकडे रूढ आहेत. पहिली मांडवातली. भक्ती असावी तर अशी, की पोटचे पोर पायाखाली गेले तरी नामाची तार तुटू नये. दुसरी मांडवाबाहेरच्या शिकलेल्या मंडळींची. ते म्हणतात, हा निष्काळजीपणा आहे, असल्या कथा मुलांना सांगूच नयेत. दोन्ही पक्ष एकमेकांना नावे ठेवतात, परंतु दोघांचीही कथा एकाच ठिकाणी संपते, त्या लाल चिखलात. पहिला तिथे हात जोडतो, दुसरा तिथून निघून जातो. कथा मात्र तिथे संपत नाही.

पहिल्या पक्षाला विचारावेसे वाटते की बाळ तुडवले जाणे ही भक्तीची परिसीमा असती, तर चरित्र तिथेच का थांबले नाही? काकांना त्याच क्षणी देव भेटला, विमान आले, असे का सांगितले गेले नाही? उलट तिथून पुढे घर फुटते. बोलणे बंद होते, स्पर्श बंद होतो, दुसरे लग्न करूनही गाडे सुरळीत होत नाही, हात जातात, चाक थांबते. ही सारी वाट एका चुकलेल्या क्षणातून फुटलेली आहे. आणि कथेला विसावा मिळतो तो बाळ आईच्या कडेवर परत आल्यावरच. नुसते हात परत आले एवढ्यावर ती थांबायला तयार नाही. जी कथा मूल परत आणल्याशिवाय मिटत नाही, तिने मुलाचे जाणे क्षम्य मानले असे कसे म्हणावे?

दुसऱ्या पक्षालाही सांगायला हवे की तुम्ही निम्म्या कथेवरून निकाल दिलात. तुमचा जो राग आहे तो कथेतच आहे. संतीच्या तोंडी तो पूर्ण ताकदीने आला आहे. देवाला दूषणे देणारी ही बाई ग्रंथातून गाळली गेली नाही. तिच्या निंदेबद्दल तिला शाप मिळाला, तिची जीभ झडली, असे काही घडत नाही. शेवटी बाळ परत मिळते ते तिलाच.

आता संतीचे वाक्य सावकाश वाचू. ती पाण्याला निघाली आहे. हौसेने किंवा माहेरी नव्हे, घरासाठी पाणी आणायला. म्हणजे तीही काम करायलाच जाते आहे. घरात दोन कामे आहेत आणि दोन माणसे आहेत. तिच्या कामात मूल कडेवर घेणे अवघड, कारण डोक्यावर घागर आहे. म्हणून ती घटकाभर मूल दुसऱ्याच्या हाती देते. घरकामाची याहून साधी, याहून रास्त वाटणी असू शकत नाही. आणि एवढ्या मोठ्या कथेत संती नवऱ्याकडे आधी मागते ते एवढेच: मी येईपर्यंत याच्याकडे बघा. तिने नामस्मरण बंद करा म्हटले नाही. पंढरीची वारी सोडा म्हटले नाही. लक्ष मागितले, तेही तेवढ्या वेळापुरते.

मग शपथ. नवरा मारायला धावला तेव्हा तिने शेजाऱ्याला हाक मारली नाही, माहेरचा धाक घातला नाही. तिने त्याच्याच देवाला मध्ये उभे केले. क्षणापूर्वी ज्याला ती दूषणे देत होती तोच विठ्ठल आता तिच्या बाजूचा झाला आणि त्याच्या नावाने उगारलेला हात खाली आला. काकांचे थोरपण खरे इथे आहे. देवाची निंदा सहन न होणारा माणूस देवाची शपथ मात्र आयुष्यभर मोडत नाही, मग ती शपथ निंदा करणारीनेच घातलेली का असेना. कीर्तनकार मंडळींनी इथे विनोद करण्याऐवजी क्षणभर थांबावे. रागाच्या भरात घरातल्या बाईवर हात उगारणाऱ्याला विठ्ठलाचे नाव अडवते, हे आजच्या मांडवात सांगण्यासारखे नाही काय?

आणि हात. या चरित्रात हातांचे इतके का असावे याचा विचार क्वचितच होतो. तुडवले पायांनी, मग प्रायश्चित्त हातांना का? वरवरचे उत्तर असे की शपथ स्पर्शाची होती. परंतु कथेच्या पोटात शिरून पाहिले तर ज्या हातांनी त्या दिवशी बाळाला उचलायचे होते आणि उचलले नाही, तेच हात शेवटी जातात. पाय आपले काम करीत होते, मुख आपले काम करीत होते. रिकामे होते ते हात. माती तुडवताना हात मोकळेच असतात. पुढे कीर्तनात हात फुटतात आणि त्यानंतर बाळ येते. हा क्रम मला फार बोलका वाटतो. हात नसलेल्या बापाकडे बाळ परत आलेले नाही. आधी त्याला हात मिळाले, मग त्या हातांसाठी बाळ आले. महिपतीबुवांनी हाच अर्थ मनात धरून लिहिले असा माझा दावा नाही. त्यांना देवाची भक्तवत्सलता सांगायची होती आणि ती त्यांनी सांगितली. पण पिढ्यान्‌पिढ्या लोकांच्या तोंडून आलेल्या कथेत सांगणाऱ्याच्या हेतूहून अधिक काही साठलेले असते. ते वाचणाऱ्याने काढून घ्यायचे.

याला एक आक्षेप येईल. तो मी प्रत्यक्ष ऐकलाही आहे. संतचरित्रावर तुम्ही आजच्या घरच्या तक्रारी लादता, संसार आणि परमार्थ यांची सरमिसळ करता. त्याचे उत्तर आपल्याच गाथ्यांत आहे. नामदेवरायांच्या नावे मिळणाऱ्या गाथेत त्यांची आई गोणाई आणि पत्नी राजाई यांचे बोलणे जपलेले आहे. मुलगा देवाने पळवला म्हणून आई पांडुरंगाशी भांडते, घरात दाणा नाही आणि नवरा राऊळात बसतो म्हणून बायको रुक्मिणीकडे गाऱ्हाणे नेते. परंपरेला हे बोल लपवता आले असते, ते तिने गायले. बहिणाबाईंनी (1628–1700) तर आपले लग्न, नवऱ्याचा जाच, आपला संसार हे सारे अभंगांतच सांगितले. तुकोबांच्या चरित्रातून आवली काढून टाकली तर काय उरेल? 1936 च्या प्रभातच्या ‘संत तुकाराम’ चित्रपटात गौरीबाईंनी उभी केलेली, मुलांच्या पोटासाठी देवाशी तावातावाने भांडणारी आवली लोक अजून विसरलेले नाहीत. तेव्हा घरातल्या बाईचा प्रश्न हा परमार्थाच्या बाहेरचा प्रश्न, ही समजूत आपल्या परंपरेची नाही. ती आपली सोय आहे.

शिवाय देव स्वतः काय करतो ते पाहा. जनाबाईंच्या घरी तो दळायला बसतो, शेण्या वेचतो. काकांच्या घरी विठू कुंभार होऊन येतो. दर्शन देऊन गुप्त होत नाही, कामाला लागतो. कुंभाराच्या घरी कामाला लागला म्हणजे तीच माती, तेच चाक, तोच आवा. ज्याला आपण माउली म्हणतो तो भक्ताच्या घरी आला की हाताला काम मागतो, ही आपल्या संतांची माउलीची व्याख्या. संतांनी घरातली आई पाहिली, तिचे न मोजता राबणे पाहिले आणि ती उपमा वर देवाकडे नेली. आपण ती उलटी खाली आणली. घरातल्या आईला म्हणतो, तू तर देव आहेस. आणि देव आहेस म्हटले की तिला झोप लागत नाही, कंटाळा येत नाही, मदत लागत नाही, असे धरून चालतो. देवाला आई म्हणताना देवाच्या अंगावर काम आले होते. आईला देव म्हणताना मात्र आपल्या अंगचे काम गेले.

ही गोष्ट उपनगरांत रोज दिसते. घाटकोपरच्या असल्फ्याच्या डोंगरउतारावर किंवा भांडुपच्या टेकडीवर पाणी ठराविक वेळेला येते. त्या वेळी जिना चढत-उतरत हंडे भरणाऱ्या बाईला आजही घरातल्या कोणाला तरी तेच वाक्य म्हणावे लागते, याच्याकडे बघा हो जरा. इमारतीत राहणारीला नळ घरात असतो, पण दूध उतू जात असते, कुकरची शिट्टी होत असते, सातच्या लोकलची घाई असते. वाक्य तेच. ज्याला ते म्हटले तो पलंगावर बसून मोबाइलवर बोट फिरवीत ‘हो’ म्हणतो. काकांच्या मुखात निदान विठ्ठल होता.

हे भाविक अतिशयोक्तीने लिहीत नाही. वन रूम किचनच्या घरात रांगत्या मुलासाठी चिखल लागत नाही. मोरीतल्या अर्ध्या भरलेल्या बादलीत तोंडावर पडलेले मूल आवाजही न करता बुडू शकते. गॅसवरून उतरवून खाली ठेवलेले पातेले, इस्त्रीची लोंबणारी वायर, खिडकीखाली ओढलेला पाट, एवढे पुरे असते. यांतले काहीही टाळायला बाळाजवळच्या माणसाचे डोळे उघडे लागतात, बाकी काही नाही. संतीने मागितले तेवढेच.

कायद्याने आईला काही दिले आहे. 1961 च्या प्रसूती लाभ कायद्यात 2017 साली दुरुस्ती झाली आणि पहिल्या दोन मुलांसाठी 26 आठवड्यांची पगारी रजा आली. 50 किंवा अधिक कामगार असतील तिथे पाळणाघर सक्तीचे झाले. अंधेरीच्या सीप्झमधल्या कायम नोकरीतल्या बाईला ही रजा मागता येते. त्याच अंधेरीत चार घरी धुणीभांडी करणारीला सहसा ती मिळत नाही, तिचे बाळ शेजारणीकडे किंवा आठ वर्षांच्या बहिणीकडे असते. आणि बापाचे काय? केंद्र सरकारच्या पुरुष कर्मचाऱ्याला बाळंतपणात 15 दिवसांची रजा आहे, खासगी नोकरीतल्या बापाला तेवढाही कायदेशीर हक्क नाही. म्हणजे बापाला हात आहेत ही गोष्ट कायद्याच्याही अजून पुरती लक्षात आलेली नाही.

एकाच्या मात्र लक्षात आले होते की चिखलातल्या मुलाकडे बघायला कोणीतरी हवे. 1969 साली दिल्लीत मीरा महादेवन यांनी बांधकामाच्या जागी मातीत, विटांच्या ढिगाऱ्यात पडलेली मजुरांची मुले पाहिली आणि तिथेच पाळणाघर सुरू केले. ‘मोबाइल क्रेशेस’ हे त्याचे नाव. बांधकाम जिथे जाईल तिथे पाळणाघर जायचे. हे काम पुढे मुंबईतही आले. ज्या इमारतींत आज आपण सप्ताह बसवतो त्या उभारतानाही कोणा संतीचे बाळ खाली मातीत रांगत असेल. आईबाप दोघेही घाम गाळत असताना मुलाकडे बघणारा तिसरा हात समाजाने द्यायचा असतो. हेही विठू कुंभाराचेच काम म्हणायला हरकत नाही.

इथे सावध राहण्यासारखी आणखी एक गोष्ट आहे. नव्या आईचा हरिपाठ सुटतो. पहाटे उठणे तिच्या हाती राहत नाही, एकादशीचा उपास डॉक्टर करू देत नाहीत, देवळात जायला निघाली तर बाळ ओकते. तिच्या मनाला हे लागते. तेव्हा घरची आणि मंडळातली मंडळी तिची समजूत घालतात, अगं, बाळाचे करणे हीच तुझी पूजा. वाक्य खोटे नाही. बाळाला न्हाऊ घालताना नाम घेता येते, अंगाई गाताना अभंग गाता येतो, हे आपल्या आज्या-पणज्यांनी करून दाखवले आहे. पण हे वाक्य कोण म्हणतो ते पाहावे. जो स्वतः उठून बाळाला घेतो आणि तिला म्हणतो, तू तासभर जाऊन ये, मी आहे, त्याच्या तोंडी ते शोभते. जो पायात चपला घालून दिंडीला निघताना ते म्हणतो, त्याने तिची पूजा तिच्या गळ्यात घालून आपली मोकळी करून घेतलेली असते. बाळ सांभाळणे ही पूजा असेल तर तिचा वाटा बापाने का घेऊ नये? पुण्य वाटून कमी होत नाही असे आपणच सांगतो.

सासू-आजींविषयीही दोन शब्द. उपनगरांतल्या अनेक घरांत सातारा-सांगलीकडून किंवा कोकणातून आलेली आजी नातवाला सांभाळते म्हणून सून कामाला जाऊ शकते. त्या आजीचाही हरिपाठ सुटलेला असतो, तिचीही वारी चुकलेली असते, गुडघे दुखत असतात. तिच्याही कडेवरून मूल घेणारे हात हवेत. घरातल्या दोन बायकांनी एकमेकींच्या पाळीवरून भांडावे आणि पुरुषांनी दोघींनाही माउली म्हणून मोकळे व्हावे, हे चित्र संतांच्या घरचे नाही.

गोरोबाकाका हे संतमंडळीत परीक्षक मानले जातात. थापटी घेऊन एकेकाच्या डोक्यावर मारून कोणते मडके पक्के, कोणते कच्चे हे त्यांनी सांगितले आणि नामदेवांनाही कच्चे ठरवले, ही कथा प्रसिद्ध आहे. त्यांचे मोजकेच अभंग उपलब्ध आहेत आणि त्यांतले बहुतेक निर्गुणाच्या खोल अनुभवाचे. असा हा जाणता पुरुष. इतरांची परीक्षा घेण्याचा अधिकार त्यांना कुठून आला असेल? ग्रंथात याचे उत्तर मिळते की नाही ते जाणकारांनी सांगावे. चरित्र वाचताना मला मात्र वाटते की स्वतःच्या अंगणात जी आग त्यांनी सोसली, मूल गेले, बायकोचा शब्द झेलला, हात गेले, त्या आव्यातून निघाल्यावरच त्यांच्या थापटीला ती खूण कळू लागली असावी. नुसत्या तन्मयतेने मडके पक्के होत नाही. ओली माती कितीही सुंदर घडवली तरी पाणी धरत नाही.

म्हणून कीर्तनकार महाराज मंडळींना हात जोडून विनंती. हे चरित्र अवश्य सांगा, गाळू नका, सौम्यही करू नका. माती तुडवण्याची पावली हवी तेवढी रंगवा. मात्र संती बाळ स्वाधीन करते तिथे मृदंग थांबवा आणि तिचे म्हणणे सरळ आवाजात सांगा. तिच्या आक्रोशाची नक्कल करू नका. शपथेवर हसवू नका. आणि बाळ परत येते तिथे ते कोणाच्या हातात आले हे नीट सांगा.

मंडळांना दुसरी विनंती. सप्ताहात वीणा अहोरात्र उभी ठेवण्यासाठी आपण पहारे लावतो, दोन-दोन तासांच्या पाळ्या फळ्यावर लिहितो. तशीच एक पाळी लहान मुलांची लावावी. मांडवाच्या मागे एक सतरंजी, प्यायचे पाणी, एक पंखा, आणि पाळीला दोन बापे. टाळ गळ्यातच असू द्या, मुले त्यावर खेळतील. तेवढ्या वेळात तिथल्या आया मांडवात पुढे येऊन बसतील. अंगावर पिणारे मूल असेल त्या आईला तिथेच कडेला जागा द्यावी आणि मूल रडले तर कोणी मागे वळून पाहू नये. पंढरीच्या कीर्तनात बाळ रांगत आले तेव्हा ते कोणाच्या तरी पायांतूनच आले असेल, आणि त्या गर्दीत त्या दिवशी त्याला कोणी तुडवले नाही. सगळे नाचत होते तरीही.

॥ पुंडलिक वरदे हरि विठ्ठल ॥